मधुपेटी : साधी बरी की सोयींची?

मधमाशीला पेटी लागत नाही. झाडाची ढोली, खडकातील कपार, पडक्या वाड्याच्या भिंतीतली पोकळी, फार काय, ओस पडलेले वारूळदेखील तिला पुरते. सह्याद्रीतील आपली सातेरी माशी अशाच अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक समांतर पोळी बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. पेटी लागते ती माणसाला. मध काढताना माश्यांचे घर मोडू नये, अंडी-अळ्या चिरडू नयेत आणि आत काय चालले आहे ते आपल्याला डोळ्यांनी पाहता यावे, एवढ्यासाठी ती लागते. हा हेतू मनाशी पक्का धरला म्हणजे पेटीला कोणती सोय जोडावी आणि कोणती जोडू नये, या वादाचा निवाडा करणे बरेच सोपे जाते. वाद तसा जुनाच आहे. गेली पावणेदोनशे वर्षे तो चालला आहे, आणि ज्या शेतकऱ्याला पदरचे पैसे घालून पाच-दहा पेट्या घ्यावयाच्या असतात, त्याच्या दृष्टीने तो केवळ पंडितांचा वाद नव्हे.

चौकटींची पेटी येण्यापूर्वी युरोपात गवताच्या वेण्यांची टोपली उपडी ठेवून तीत माश्या पाळीत. आपल्याकडे हिमाचल आणि कुमाऊँ या भागांत घरांच्या जाड भिंतींतच माश्यांसाठी कोनाडे ठेवण्याची रीत आहे. टोपलीतील मध हवा असला म्हणजे पोळी कापून काढावी लागत, आणि पुष्कळदा तर गंधकाची धुरी देऊन सारी वसाहतच मारून टाकीत. यातून पहिली विचारपूर्वक वाट काढली ती जिनीव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर यांनी. हे गृहस्थ अंध होते. ब्यूर्नाँस नावाच्या आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी त्यांनी माश्यांचे जीवन पाहिले आणि १७९२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची पेटी पुस्तकासारखी होती. लाकडी चौकटी बिजागऱ्यांनी एका कडेला जोडलेल्या, पाने उलटावीत तशा त्या उलटावयाच्या. अभ्यासकाला यापरते उत्तम साधन नव्हते. परंतु पुस्तक मिटताना दोन पानांच्या कडांमध्ये माश्या सापडून चिरडत. ब्यूर्नाँससारखा सावध हात आणि अमाप सवड असल्यावाचून ते चालण्यासारखे नव्हते, आणि म्हणून सामान्य मधपाळाच्या अंगणात ती पेटी कधी रुळली नाही.

खरा उलगडा झाला तो अमेरिकेत. लोरेंझो लँगस्ट्रॉथ हे धर्मोपदेशक आणि शिक्षक फिलाडेल्फिया येथे माश्या पाळीत असत. त्यांच्या पेटीत वर आडव्या पट्ट्या असत आणि माश्या त्यांच्यापासून खाली पोळे लोंबवीत. पोळ्याच्या कडा मात्र त्या पेटीच्या भिंतींना चिकटवून टाकीत, म्हणजे प्रत्येक वेळी सुरी घालून कापणे आले. वरचे झाकणही डिंक लावल्यासारखे घट्ट बसे. झाकणाचा त्रास त्यांनी आधी सोडविला. पट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच मोकळी जागा ठेवली की माश्या तेथे काहीच बांधीत नाहीत, असे त्यांना आढळून आले. पुढे १८५१ च्या शरद ऋतूत त्यांच्या मनात आले की, हीच मोकळी जागा पोळ्याच्या कडेला आणि तळालाही ठेवली तर? पट्टीला दोन बाजू आणि एक तळ जोडून चौकट करावी, ती पेटीत टांगावी आणि तिच्या चहूबाजूंनी तेवढेच अंतर सोडावे. माश्या पोळे चौकटीच्या आत बांधतील, भिंतीला जोडणार नाहीत. आणि कपाटातून पुस्तक काढावे तशी चौकट वर उचलता येईल.

यामागचा नियम मोठा मौजेचा आहे. युरोपीय माशी सुमारे सहा मिलिमीटरांहून कमी असलेली फट झाडांचा चीक आणि राळ आणून बुजवून टाकते. नऊ मिलिमीटरांहून मोठी पोकळी दिसली की तीत जादा पोळे बांधते. या दोहोंच्या मधली जागा मात्र ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवते. चार काड्यांची चौकट सोडली तर लँगस्ट्रॉथ यांनी पेटीला काहीच जोडले नाही. सारी किमया होती ती मोजून ठेवलेल्या रिकाम्या जागेची. आणि येथूनच, श्रोतेहो, सोयींच्या प्रश्नाची मेख सापडते. पेटीत आपण जी वस्तू नवी घालतो, तिच्यासह नव्या फटी येतात, नवे कोपरे येतात, आणि त्या प्रत्येकाचे काय करावयाचे हे माशी आपल्याला न विचारता ठरविते. कारागिराला जो कप्पा सुबक वाटतो, तो माशीला एकतर बुजविण्याजोगा वाटतो, नाहीतर भरण्याजोगा.

लँगस्ट्रॉथ यांना ५ ऑक्टोबर १८५२ रोजी पेटंट मिळाले. लाभ बेताचाच झाला. कल्पना इतकी सोपी होती की ज्याने त्याने ती उचलली, आणि कोर्टकचेऱ्यांत त्यांचा पैसा गेला. सोयींच्या मोहातून तेही सर्वस्वी सुटले नव्हते. त्यांच्या १८५३ च्या ग्रंथात काचेच्या भिंतींच्या पेट्यांचे वर्णन मोठ्या हौसेने केलेले आढळते. पुढे तर अमेरिकेत पेट्यांच्या पेटंटांचा पूरच लोटला. कोणी खण ओढून मध काढण्याची पेटी केली, कोणी मेणकिड्याला पकडण्याचा सापळा तळाशी बसविला. या सापळ्यांची विक्री पुष्कळ झाली म्हणतात, आणि ती का व्हावी हे समजण्यासारखे आहे. मेणकिड्याने उद्ध्वस्त केलेले पोळे ज्याने एकदा पाहिले, तो त्या जाळ्यांच्या नुसत्या आठवणीनेही पैसे मोजील. पण किडा फोफावतो तो दुबळ्या वसाहतीत. माश्या भरपूर असल्या तर त्या त्याच्या अळ्या स्वतःच हुसकून लावतात, आणि त्या थोड्या असल्या तर सापळ्याच्या सांदीकोपऱ्यांत किड्याचीच सोय होते.

मग मधमाशीपालनात सुधारणा झालीच नाही काय? पुष्कळ झाली, पण ती कोठे झाली ते पाहण्यासारखे आहे. १८५७ साली जर्मनीत योहानेस मेहरिंग यांनी मेणाच्या पत्र्यावर षट्‌कोनी घरांचे ठसे उठविले. तो मेणपत्रा चौकटीत बसविला की पोळे सरळ बांधले जाते. १८६५ साली फ्रान्झ फॉन ऱ्हुश्का या ऑस्ट्रियन सैनिकी अधिकाऱ्याने पोळे गरगर फिरवून मध बाहेर काढण्याचे यंत्र दाखविले. त्यामुळे तेच पोळे पुन्हा पेटीत ठेवता येऊ लागले आणि नव्या मेणाचा माश्यांचा खर्च वाचला. १८७० नंतरच्या दशकात मोझेस क्विन्बी यांनी भाता जोडलेले धुराचे साधन प्रचारात आणले. यांपैकी मेणपत्रा चौकटीत मावतो, बाकीची दोन साधने पेटीच्या बाहेरच राहतात. पेटीचे रूप त्यांपैकी कोणीच बदलले नाही. पन्नास पेट्यांना मध काढण्याचे एक यंत्र पुरते. पेटीलाच जोडलेली सोय मात्र पन्नास वेळा विकत घ्यावी लागते.

इंग्लंडात १८९० साली विल्यम ब्रॉटन कार यांनी दुहेरी भिंतींची पेटी तयार केली. आत साध्या पेट्या आणि बाहेरून उतरत्या कडांचे मखर. चित्रांत, भेटकार्डांवर आपण जी देवळाच्या शिखरासारखी पांढरी मधुपेटी पाहतो, ती हीच. दिसावयास ती फार गोड आहे. तिकडच्या गारठ्यात आतली पेटी कोरडी राहते, हा तिचा गुणही नाकारता येणार नाही. परंतु माश्यांपर्यंत पोचावयाचे तर आधी बाहेरचे एकेक कडे उतरवून जमिनीवर मांडा, पाहणी झाली की पुन्हा त्याच क्रमाने चढवा. ज्याच्या बागेत दोन पेट्या आहेत त्याला हे शोभते. ज्याला दिवसाकाठी तीस तपासावयाच्या आहेत त्याचे कंबरडे मोडते.

याच्या अगदी उलट टोकाला गेले ते फ्रान्समधील धर्मगुरू एमिल वारे. १९५१ साली ते निवर्तले. शेकडो तऱ्हांच्या पेट्या वापरून पाहिल्यावर त्यांनी आपली 'लोकांची पेटी' सिद्ध केली. तीत चौकट नाही, मेणपत्रा नाही. ३०० मिलिमीटर चौरस आणि २१० मिलिमीटर उंच असा एक डबा, त्यात आठ पट्ट्या, आणि माश्या वाढल्या की खाली दुसरा डबा. गरिबाला परवडावी, वारंवार उघडावी लागू नये, ही त्यांची दृष्टी. मला या पेटीविषयी आदर आहे. तथापि लँगस्ट्रॉथ यांनी सोडविलेला गुंता येथे पुन्हा पडतो. पोळी भिंतींना चिकटतात आणि आतला रोग लवकर दिसत नाही. अळ्या सडविणारा रोग शेजारच्या शंभर पेट्यांना लागू शकतो. म्हणूनच अमेरिकेतील बहुतेक राज्यांत उचलता येणारी चौकट कायद्याने आवश्यक ठरविली आहे. साधेपणाच्या भरात माणसाचा डोळाच पेटीबाहेर ठेवला गेला, तर ती काटकसर महागात पडते.

अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. स्टुअर्ट आणि सीडर अँडरसन या पितापुत्रांनी २०१५ साली एक पेटी लोकांपुढे ठेवली. तिच्यात प्लॅस्टिकची अर्धवट तयार पोळी असतात. माश्या ती मेणाने पुरी करतात आणि मध भरतात. मग किल्ली फिरवली की घरांच्या उभ्या भिंती एकमेकींपासून सरकतात आणि मध नळीवाटे बरणीत येतो. माश्यांना हलवावे लागत नाही, मधयंत्र लागत नाही. जगभरच्या हौशी लोकांनी आगाऊ वर्गणी देऊन तिच्यासाठी १ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. यंत्ररचना खरोखर चतुर आहे, आणि हातांत बळ नसलेल्या वृद्ध मधपाळाला तिचा उपयोगही आहे. पण चौकटी फार महाग, आतच गोठणारा दाट मध नळीतून उतरत नाही, आणि मुख्य म्हणजे मध काढणे हे वर्षातले दोनचार दिवसांचे काम. राणी अंडी घालते की नाही, खाद्य पुरेसे आहे की नाही, रोग शिरला की काय, हे पाहण्याचे बाकीच्या दिवसांचे काम त्या किल्लीने एक मिनिटानेही कमी होत नाही.

आता आपल्या माशीकडे वळू. १९११ च्या सुमारास तिरुचिरापल्ली येथील फादर न्यूटन या जेझुइट धर्मोपदेशकांनी सातेरीच्या लहान अंगाला आणि लहान वसाहतीला साजेशी छोटी पेटी बेतली. तिच्या पिलांच्या कोठीत सात चौकटी, वर मधाची निम्म्या उंचीची कोठी, एक तळपाट आणि एक झाकण. दक्षिणेत ती घरोघर गेली, आणि पुढे आपल्या देशातील प्रमाणित पेट्यांना तिचाच आधार मिळाला. सातेरीची पोळी एकमेकींपासून मध्यापासून मध्यापर्यंत ३० ते ३२ मिलिमीटरांवर असतात, युरोपीय माशीची सुमारे ३५ वर. एवढ्याशा फरकासाठी विलायती पेटी सातेरीला चालत नाही, हे ज्यांनी न मोजता पेट्या आणविल्या त्यांना पैसे गेल्यावर कळले.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा. युरोपीय माशी फटी राळेने बुजविते. सातेरी राळ गोळा करीत नाही. सुताराने जी फट ठेवली ती फटच राहते, आणि मेणकिड्याची मादी नेमकी तेथे अंडी घालते. म्हणजे युरोपात ज्या जादा सांध्याने केवळ झाकण चिकटते, त्याच सांध्याने आपल्याकडे किड्याला घर मिळते. शिवाय सातेरी मानी आहे. किड्याचा उपद्रव, मुंग्यांचा त्रास किंवा वरचेवर उघडझाप झाली की ती भरले घर टाकून निघून जाते. खण, सरकत्या जाळ्या, काचेची खिडकी असल्या गोष्टी आपल्या पेटीत का नकोत, याचे कारण यात आहे.

मात्र पाहणी टाळून चालत नाही. १९९१ नंतरच्या काही वर्षांत दक्षिणेकडील राज्यांत सातेरीच्या अळ्यांना एक विषाणुजन्य रोग जडला. अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते, आणि बहुसंख्य वसाहती त्या साथीत गेल्या. रोग्याला औषध नव्हते. पण ज्याच्या चौकटी सहज उचलल्या जात होत्या, त्याला तो निदान वेळीच दिसला आणि निरोगी पेट्या दूर हलविता आल्या.

पश्चिम घाटात पेटीला जे खरोखर जोडावेसे वाटते, ते पेटीच्या बाहेरचे आहे. चार पायांच्या घडवंचीवर ती ठेवावी आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत उभा करावा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. उन्हाळ्यात वाट्यांत पाणी आहे की नाही ते रोज पाहावे लागते, तेवढाच त्रास. महाबळेश्वराकडच्या किंवा खानापूर, आंबोलीच्या पावसात झाकणाला पुढे उतार आणि वर पत्रा हवा, आणि पेटीचे तोंड वाऱ्याच्या झोताकडे नको. महाबळेश्वराजवळचे मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

ज्यांना नवी पेटी घ्यावयाची आहे त्यांनी दुकानात रंग आणि बिजागऱ्या पाहू नयेत. एका पेटीतील चौकट काढून दुसरीत टांगावी, तिसरीतली पहिलीत घालावी. सर्व बाजूंनी फूटपट्टीने अंतर मोजावे. तळपाट आणि कोठी यांच्या सांध्यापलीकडे पेटता दिवा धरावा आणि प्रकाश झिरपतो का ते पाहावे. झिरपत असेल, किंवा चौकट कोठे अडत असेल, तर ती पेटी कितीही सोयींची असली तरी परत करावी आणि सुताराला माप पुन्हा नीट लिहून द्यावे.