३१ मेची तारीख आधीच माहीत असते, तरी जागा रिकामी का राहते?

आजचा विषय नोकरभरतीचा, पण उमेदवाराच्या बाजूने नाही, भरती करणाऱ्याच्या बाजूने. पुढच्या काही वर्षांत आपल्याला किती माणसं लागतील, हे एखादी संस्था आधीच कसं ठरवते? मी आयटीत आहे, तिथे याला वर्कफोर्स प्लॅनिंग म्हणतात. पण मी मूळचा देवरीचा, आणि हे गणित समजायला आपल्या तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा कुठल्याही कंपनीपेक्षा बरी.

मुळात ही वजाबाकी आहे. पुढे लागणारी माणसं वजा तेव्हा हातात असणारी माणसं. जे उरतं, तेवढी भरती.

आधी ‘लागणारी’ बघू. शाळेचा ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची पदं मंजूर होतात, त्याला संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं कोष्टक आहे. राज्य सरकार त्यावर आपले शासन निर्णय काढतं आणि ते बदलत राहतात, पण पद्धत तीच. म्हणजे हा चढ नाही, पायऱ्या आहेत. एका पोराने पट वाढला की पद मिळतं, एका पोराने घसरला की चालू शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनात दुसऱ्या शाळेत जाऊ शकतो. म्हणून सप्टेंबरमध्ये छोट्या शाळेतले गुरुजी एकेक पोरगं मोजतात.

आता ‘असणारी’. हे त्याहून सोपं, कारण जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. इथे एक गंमत आहे. आपल्या काका-आजोबांच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून असते. घरी नोंद नसायची, शाळेत नाव घालताना गुरुजी सरळ १ जून लिहून टाकायचे. आणि नियम असा की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मेला महाराष्ट्रात निरोप समारंभांची रांग लागते. १ जून १९६८ अशी नोंद असलेले गुरुजी ३१ मे २०२६ ला घरी जाणार, हे ते नोकरीला लागले त्या दिवसापासून सेवापुस्तकावरून कळतं. इतका पक्का अंदाज आमच्या आयटीत कुणालाच मिळत नाही. तिथे माणूस कधी राजीनामा देईल, काही सांगता येत नाही.

मग अडतं कुठे? माणसं जातात दरवर्षी, येतात मात्र गठ्ठ्याने. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधल्या प्रत्येक ३१ मेला कॅलेंडर आपलं काम करतच होतं. शिवाय तयार शिक्षक मिळायला वेळ लागतो: डी.एल.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी, अभियोग्यता चाचणी, बिंदुनामावलीची तपासणी, पवित्र पोर्टलवर जाहिरात, कागदपत्रं. आयटी कंपन्या यावर ‘बेंच’ ठेवतात, म्हणजे काम नसतानाही पगार देऊन थोडी माणसं तयार ठेवायची. सरकारी शाळेत जास्तीचं माणूस दिसलं की ते अतिरिक्त.

आणि हा धक्का सगळीकडे सारखा बसत नाही. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. वीस शिक्षकांच्या शाळेत ठीक आहे, दोन जागा. पण चिचगड-ककोडीकडच्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेचं काय? दोनाचे १० टक्के म्हणजे ०.२ शिक्षक! तिथे एक जागा रिकामी झाली की थेट ५० टक्के रिक्त, आणि राहिलेल्या एका माणसाकडे पाच वर्ग. त्यातच बैठक, निवडणुकीचं काम, आजारपण. जिल्ह्याची सरासरी अशा वेळी काहीच सांगत नाही, म्हणून माझ्या मते तालुका किंवा जिल्ह्याच्या टक्केवारीवर केलेलं नियोजन आपल्या भागासाठी अर्धवट आहे.

आरोग्य विभागाने हे निदान मानकात तरी ओळखलंय. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येला, आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांना. उपकेंद्र तिकडे ५ हजारांना, इकडे ३ हजारांना. अंतर जास्त, वस्ती विखुरलेली, म्हणून आकडा खाली. इमारत उभी राहिली म्हणून डॉक्टर येतोच असं नाही, तो वेगळा भाग होईल.

तुमच्यापैकी जे डी.एल.एड. करताहेत किंवा करू की नको विचारात आहेत, त्यांनी एक करून बघा. समजा गावच्या शाळेचा पट ५८, शिक्षक दोन, त्यातले एक ५६ वर्षांचे. दोन वर्षांत एक जागा रिकामी होणार, हे पक्कं. ती टिकणार का, हे अंगणवाडीत कळेल, कारण २०३१ मध्ये पहिलीत बसणारी पोरं २०२५ मध्ये जन्मलेली आहेत आणि त्यांची नावं सेविकेच्या रजिस्टरात आहेत. ती मोजा, कॉन्व्हेंटच्या गाडीत बसून देवरीला जाणारी वजा करा, आणि मग बघा पट कुठल्या पायरीवर उभा राहतो.