ताई हातचा का विसरते?

माझी ताई तालुक्याच्या हायस्कुलात नववीत शिकते. आमच्या घरी डेअरीच्या दुधाचा हिशेब तीच करते. साडेसहा लिटर दूध, भाव 34 रुपये, तर पैसे किती? ती भाकरी थापता थापता सांगते, 221 रुपये. आणि चाचणीत तिला गणितात 20 पैकी 6 गुण मिळाले! बाबा फार रागावले. म्हणाले, "गणित येत नाही तर पुढं शिकून काय करणार? दहावी झाली की बस घरी." ताई त्या रात्री जेवली नाही.

मी तिचा पेपर पाहिला. एका इष्टिकाचितीचे घनफळ काढायचे होते. (नाव मोठे आहे, पण ती खोक्यासारखी असते.) लांबी 48, रुंदी 27, उंची 10. सूत्र बरोबर लिहिले होते. पण 48 ला 7 ने गुणताना 56 मधले 6 लिहिले आणि हातचे 5 विसरली. मग 12960 च्या जागी 12460 आले. ताई म्हणाली, "मला येतं गं. पण पेपर हातात आला की हाताला घाम सुटतो. वाटतं, आता चुकणारच."

मी आमच्या गुरुजींना विचारले, येणारे गणित कसे चुकते? गुरुजी म्हणाले, हातचा डोक्यात धरून ठेवायला जागा लागते, आणि ती जागा थोडीच असते. एसटीच्या बाकावर कुणी गाठोडे ठेवले की माणसाला उभे राहावे लागते ना, तसे भीतीचे गाठोडे जागा अडवते.

2001 साली अमेरिकेत अॅशक्राफ्ट आणि कर्क या दोघांनी हे तपासले. त्यांनी कॉलेजच्या मुलांना काही अक्षरे ध्यानात ठेवायला सांगून बेरजा घातल्या. गणिताला भिणारी मुले हातच्याच्या बेरजांत जास्त चुकली. मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. क, त, र, म, स, न ही अक्षरे मनात धरा आणि 37 अधिक 48 तोंडी करा. मी 75 सांगितले! सगळे हसले.

भिणारी मुले पुष्कळ आहेत. 2012 साली पिसा परीक्षेत प्रगत देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना विचारले होते. शंभरातली 59 म्हणाली, गणिताचा तास अवघड जाईल अशी बऱ्याचदा काळजी वाटते. गुण कमी पडले की भीती वाढते, भीती वाढली की गुण आणखी कमी. पण गुरुजी असेही म्हणाले, की पाढेच पाठ नसतील तर भीतीचे नाव सांगू नका. तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

आता ताई हातचा डोक्यात ठेवत नाही, कागदावर बारीक लिहिते. रोज रात्री मी घड्याळ घेऊन बसते आणि ती पेपर सोडवते. काल पाचही गणिते बरोबर आली.

सोमवारी तिची चाचणी आहे. त्याआधी शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा आहे. बाबा येतील तेव्हा हे वाचतील. मी घरी काही सांगितलेले नाही.