‘मायटोसिस’ आणि ‘मिओसिस’ : दोन संज्ञांतील भेद

पेशीविज्ञानातील ‘मायटोसिस’ व ‘मिओसिस’ या संज्ञा उच्चाराने इतक्या जवळच्या आहेत की, त्या एकाच मूळ शब्दापासून निघाल्या असाव्यात असे सहज वाटते. वस्तुतः दोहोंत समान आहे तो केवळ क्रियावाचक ग्रीक प्रत्यय. पहिलीच्या मुळाशी ‘मितोस’ म्हणजे धागा हा शब्द आहे, तर दुसरीच्या मुळाशी ‘मेइओन’ म्हणजे ‘अधिक उणे’ हे तुलनादर्शक रूप. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये पहिली संज्ञा योजिली, ती विभाजनकाळी केंद्रकात दिसणाऱ्या धाग्यांवरून. दुसरी संज्ञा फार्मर व मूर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये रूढ केली. पहिली दृश्याला नाव देते, दुसरी परिणामाला.

दोन्ही प्रक्रियांत विभाजनापूर्वी गुणसूत्रे एकदाच दुप्पट होतात. मायटोसिसमध्ये त्यानंतर केंद्रक एकदाच विभागते. म्हणून मानवी पेशीतील ४६ गुणसूत्रे दोन्ही कन्यापेशींत ४६च राहतात. मिओसिसमध्ये लागोपाठ दोन विभाजने होतात. पहिल्यात प्रत्येक जोडीतील दोन गुणसूत्रे परस्परांपासून विलग होतात. दुसऱ्यात प्रत्येक गुणसूत्राचे दोन पदर सुटे होतात. परिणामी प्रत्येकी २३ गुणसूत्रांची चार केंद्रके तयार होतात.

मराठीत या प्रक्रियांना अनुक्रमे ‘सूत्री विभाजन’ व ‘अर्धसूत्री विभाजन’ म्हणतात. ग्रीकमध्ये नसलेला संबंध येथे मराठीने जोडला आहे, आणि तो उपकारकही आहे. कारण ‘मेइओन’ने केवळ उणेपणा कळतो, तर ‘अर्ध’ने त्याचे प्रमाणही कळते. तथापि समासात पदाचे वचन लोपते. ‘अर्धसूत्री’चा विग्रह ‘ज्यात अर्धी सूत्रे उरतात ते’ असा होतो, तसाच ‘ज्यात सूत्र अर्धे होते ते’ असाही होऊ शकतो. ‘सूत्र’ऐवजी ‘गुणसूत्र’ घातल्याने ही संदिग्धता दूर होत नाही.

दुसरा विग्रह स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याचा आनुवंशिकतेचा पायाच ढासळतो. सूत्र अर्धे होत नाही, सूत्रांची संख्या अर्धी होते. आणि तीही वाटेल तशी नव्हे, तर प्रत्येक जोडीतील एक याप्रमाणे. म्हणूनच फलनानंतर २३ व २३ मिळून पुन्हा २३ जोड्या सिद्ध होतात. संज्ञा बदलण्याचे कारण नाही. मात्र ती शिकविताना तिचा विग्रह सांगणे अगत्याचे आहे.