जखमेवरची हप्तेबंदी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखम बांधण्याच्या चौदा तऱ्हा सांगितल्या आहेत. बोटांसाठी कोश, सांध्यांसाठी स्वस्तिक, हनुवटीसाठी गोफण, अशी ती मोठी रसिक नामावली आहे. परंतु बंधनविद्येत इतका निष्णात असलेला हा शल्यविशारद त्याच प्रकरणात, कोणत्या व्रणांना पट्टी बांधू नये हे सांगू लागतो तेव्हा कुष्ठी आणि अग्निदग्ध यांच्या पंक्तीला मधुमेह्याच्या पिडकांनाही बसवतो. चौदा बंध हाताशी असताना ज्याच्यापुढे त्याने हात आखडता घेतला, तो व्रण आजही वैद्यांची कसोटी पाहतो. फरक इतकाच, की आज त्याला पट्टी बांधतात, आणि ती पट्टी नुसते आच्छादन न राहता औषधाचे कोठार बनू लागली आहे.

या जखमेची सुरुवात बहुधा अगदी क्षुल्लक असते. चपलेचा वर आलेला खिळा, बाभळीचा काटा, चैत्रातल्या दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी घातलेली प्रदक्षिणा, किंवा पाय दुखतात म्हणून सुनेने मायेने आणून दिलेली, पण अंमळ अधिकच गरम झालेली पाण्याची पिशवी, एवढे निमित्त पुरते. रक्तातल्या वाढत्या साखरेने पायांच्या मज्जातंतूंची संवेदना वर्षानुवर्षे कुरतडलेली असल्यामुळे वेदना नावाचा शरीराचा पहारेकरी गैरहजर असतो, आणि मोज्याला लागलेला डाग दिसेपर्यंत रोग्याला काही वार्ताच नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला आहे. आणि मधुमेह्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाचा व्रण होतो, असे या विषयातील जाणकार मानतात. या दोन आकड्यांचा गुणाकार वाचकांनीच करून पाहावा.

निरोगी शरीरात जखम भरण्याचे काम एखाद्या शिस्तीच्या कचेरीसारखे चालते. प्रथम रक्त गोठून गळती थांबते. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतूंचा आणि मृत मांसाचा निकाल लावतात. त्यानंतर नव्या केशवाहिन्यांसह कोवळे लालसर मांस वर येते, कडांवरून त्वचा सरकत येऊन दार लावते, आणि आतली डागडुजी पुढे कित्येक महिने चालू राहते. मधुमेह्याच्या जखमेत मात्र हे प्रकरण दुसऱ्याच टेबलावर अडकून पडते. दाह शमत नाही. मोडतोड साफ करण्यासाठी तैनात केलेली मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे, जुना गिलावा खरवडायला बोलावलेल्या गवंड्याने नवी भिंतही खरवडत सुटावे तशी, नव्याने रचल्या जाणाऱ्या ऊतकांचा आणि पेशींना वाढीची आज्ञा देणाऱ्या प्रथिनांचाच फडशा पाडतात. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने रसद तोकडी पडते, आणि जंतू आपल्याभोवती चिकट पापुद्रा उभारून त्याच्या तटबंदीआड निर्धास्त राहतात.

अशा जखमेवर काय बांधावे, याविषयी आपल्या घराघरांतली समजूत ठाम आहे: जखम कोरडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की निर्धास्त व्हावे. या समजुतीला पहिला शास्त्रशुद्ध धक्का १९६२ साली लंडनच्या जॉर्ज विंटर या संशोधकाने दिला. डुकरांच्या पाठीवरील उथळ जखमांपैकी काही त्याने उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, म्हणजेच ओलसर राहिलेल्या जखमांवर त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. कारण उघडच आहे: खपलीखाली नव्या पेशींना कोरड्या थरातून भुयार खणत जावे लागते, ओलाव्यात त्या सरळ सरकत जातात. (थोडे विषयांतर करून सांगण्याजोगे असे, की ज्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रे १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पाहून लोक चकित झाले, त्यांपैकी ऑगस्ट ल्युमिए याने पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमेला न चिकटणारी स्निग्ध जाळीची पट्टी प्रचारात आणली होती.)

पट्टीत औषध घालण्याची कल्पना तशी जुनीच आहे. १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टरने, गाडीखाली सापडून पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड बांधले, आणि जखम सडली नाही. परंतु कार्बोलिक जंतूंबरोबर त्वचेलाही पोळत असे, आणि या गोष्टीत साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. औषध एकरकमी ओतले की पहिल्या तासात ते गरजेपेक्षा अधिक होऊन निरोगी पेशींना जाचते, आणि दुसऱ्या दिवशी स्रावाबरोबर वाहून गेल्याने काहीच उरत नाही. म्हणून नव्या पट्ट्यांच्या कर्त्यांनी जो मार्ग धरला त्याला मी हप्तेबंदी म्हणतो: औषधाची रक्कम तीच, पण ती जखमेच्या खात्यात थोडीथोडी, ठरल्या गतीने जमा व्हावी.

या हप्तेबंदीचा मला सर्वांत आवडलेला नमुना म्हणजे कॅडेक्सोमर आयोडीन. पिष्टमय पदार्थाचे सूक्ष्म मणी करून त्यांच्या जाळीत आयोडीन कोंडलेले असते. मणी जखमेतला स्राव शोषून फुगतात, फुगताना जाळीची भोके रुंदावतात, आणि तेवढ्यापुरते आयोडीन बाहेर पडते. म्हणजे जखम जितकी अधिक पाझरेल तितका हप्ता मोठा. शिवाय आयोडीन संपत आले की मूळचा तपकिरी रंग फिका पडत जातो, त्यामुळे पट्टी बदलण्याची वेळ झाली हे सांगायला वेगळा कारकून ठेवावा लागत नाही. थायरॉइडच्या रोग्याने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून तिच्या वाटेला जाऊ नये. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप दिलेल्या पट्ट्याही अशाच, ओलाव्याशी संबंध आला की दिवसचे दिवस चांदीचे आयन सोडत राहतात.

जंतुनाशकांचे हे झाले. प्रथिनांचे काम अधिक नाजूक. प्रथिनांसारखे मोठे रेणूही बहुवारिकांच्या गोळीतून सावकाश सोडता येतात, हे १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट लँगर आणि ज्युडा फोकमन यांनी दाखवून दिले. पुढे १९९७ च्या डिसेंबरात बेकाप्लर्मिन या वृद्धिघटकाचे मलम मधुमेही व्रणासाठी तेथे मंजूर झाले. पण ते रोज लावायचे, सुमारे १२ तासांनी धुवायचे, आणि एवढे करूनही वर सांगितलेली खादाड विकरे त्या महागड्या प्रथिनावर ताव मारायला टपलेली. समुद्रशैवालापासून काढलेले अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून मिळणारे कायटोसान, जनावरांच्या कातड्यातले कोलॅजन अशा पदार्थांच्या ओलसर जाळ्यात प्रथिन लपवून ते सुरक्षित पोहोचवण्याची खटपट म्हणूनच चालू आहे. तिच्यातले पुष्कळसे काम अद्याप उंदरांच्या पाठीवरच आहे, आणि वृत्तपत्रांतले मथळे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. जखमेचे तापमान आणि आम्लता मोजून, गरज दिसताच आपणहून औषध सोडणाऱ्या विद्युत्-पट्ट्यांविषयीही तूर्त एवढेच म्हणता येईल.

माणसांवर नीट पारखलेल्या पट्ट्यांपैकी एकीची हकीगत विलक्षण आहे. युरोपातील पाच देशांत २४० रोग्यांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला साधी पट्टी बांधली, दुसऱ्याला तीच पट्टी एका क्षाराची जोड देऊन. कोणाला कोणती मिळाली हे रोग्यांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. वीस आठवड्यांनी पहिल्या गटातील ३० टक्के जखमा मिटल्या होत्या, दुसऱ्यातील ४८ टक्के. तो क्षार होता सुक्रोज ऑक्टासल्फेटचा, म्हणजे आपल्या चहातल्या साखरेच्याच रेणूला गंधकाची आठ बिऱ्हाडे जोडून केलेला पदार्थ, जो त्या बेफाम विकरांना आवर घालतो! साखरेने बिघडवलेल्या पायाची दुरुस्ती साखरेच्याच वंशजाने करावी, हा निसर्गाचा विनोद म्हणावा की न्याय, हे ज्याने त्याने ठरवावे. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शिकेत, संसर्ग नसलेल्या पण रक्तपुरवठा मंदावलेल्या व्रणांवर, नेहमीच्या उपचारांनी दोन आठवड्यांत पुरेसा फरक न पडल्यास, या पट्टीचा विचार करावा असे म्हटले आहे. उलट चांदीच्या किंवा मधाच्या पट्ट्या केवळ जखम भरून यावी म्हणून वापरू नयेत, असेही तीच मार्गदर्शिका बजावते. दुकानदाराच्या शिफारशीवरून चांदीच्या पट्टीपायी महिन्याचा जमाखर्च कोलमडू देणाऱ्या कुटुंबांपर्यंत ही दुसरी ओळ पोहोचायला हवी.

आणि त्या ‘नेहमीच्या उपचारां’तला मोठा वाटा पट्टीचा नाहीच. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांचे पाय तपासत असताना त्यांना उमगले, की बधिर तळव्याचे मांस आपोआप झडत नाही, तर त्याच जागी, न दुखता, पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबाने ते फाटते. आणि पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालून तो भार वाटून दिला की वर्षानुवर्षांची जखमही भरून येते. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयातून हीच विद्या मधुमेह्यांच्या पायांपर्यंत गेली. सुश्रुताचे ‘कुष्ठ’ आजच्या कुष्ठरोगापुरते नाही, हे खरे. तरी त्याने एकाच पंक्तीला बसवलेल्या कुष्ठी आणि मधुमेही या दोघांची भेट शेवटी अशी झाली. म्हणून अनुभवी डॉक्टर महागड्या पट्टीचे पाकीट फोडण्यापूर्वी रोग्याला दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला आत आणायला सांगतात, आणि तळावरून बोटे फिरवून खिळा कोठे वर आला आहे ते चाचपून पाहतात.