स्लावुतिच : स्फोटानंतर वसलेलं शहर

१९८६ च्या चेर्नोबिल स्फोटानंतर शेजारचं प्रिप्यात रिकामं झालं. तिथल्या कामगारांसाठी युक्रेनमध्ये स्लावुतिच हे नवं शहर उभारलं. आठ सोव्हिएत प्रजासत्ताकांतल्या लोकांनी आपापल्या धाटणीची घरं बांधली, म्हणून इथे बाकू, येरेवान, ताल्लिन अशा नावांच्या वस्त्या आहेत. १९८८ पासून कुटुंबं राहायला आली. कामगार बेलारूसमार्गे जाणाऱ्या आगगाडीने प्रकल्पावर जात. डिसेंबर २००० मध्ये शेवटची अणुभट्टी बंद झाली, बऱ्याच नोकऱ्या गेल्या. देखभालीचं काम उरलं. २०२२ च्या युद्धात ती गाडीही थांबली. त्याच मार्चमध्ये रशियन सैन्य शहरात शिरलं, तेव्हा नागरिक निःशस्त्र चौकात जमले. काही दिवसांत सैन्य निघून गेलं.

एकदा घर सुटलेल्यांना दुसरं घर किती मोलाचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!