आकड्यांची चित्रे

एका गावात पूर्वी शंभर घरे होती; आता ती दोनशे झाली आहेत. हे चित्राने कसे दाखवावे? एक लहान घर काढून त्याच्या शेजारी दुप्पट उंचीचे घर काढावे, असे कोणालाही सहज सुचेल. परंतु उंचीबरोबर रुंदीही दुप्पट होते आणि ते घर कागदावर चौपट जागा व्यापते. आकडा सांगतो दुप्पट, डोळ्यांना दिसते चौपट!

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १९२५ साली ऑटो नॉइराट या तत्त्वचिंतकाने एक आगळे संग्रहालय स्थापन केले. तेथे राजांच्या तलवारी नव्हत्या, की जुनी नाणी नव्हती. लोकांची घरे, त्यांचे आरोग्य, त्यांचे उद्योगधंदे यांची माहिती देणारे चित्रमय तक्ते तेथे मांडलेले असत. दिवसभर राबणारा कामगार रुक्ष आकड्यांचे कोष्टक वाचीत बसणार नाही, हे नॉइराट जाणून होते. त्यांचा नियम साधा होता : संख्या वाढली की चिन्ह मोठे करू नये, तेच चिन्ह पुन्हा काढावे. दोनशे घरांसाठी सारख्या आकाराची दोन घरे.

नियम सोपा, पण तो पाळणे सोपे नव्हते. अर्थशास्त्रज्ञ, वैद्य, इतिहासकार आपापली माहिती आणून देत. तिच्यातील काय ठेवावे, काय गाळावे, कशाच्या शेजारी काय मांडावे, हे ठरविण्याचे काम मारी राइडेमाइस्टर या तरुणीकडे होते. तिने गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला होता. या कामाला तेथे ‘रूपांतर’ म्हणत. रूपांतरकाराने विद्वानाचे ऐकावे आणि प्रेक्षकाच्या वतीने त्याला प्रश्न विचारावेत, अशी अपेक्षा असे. मारी कच्चा आराखडा काढी. मग गेर्ड आर्न्ट्स हा चित्रकार लिनोलियमवर चिन्हे कोरी. एकाच ठशावरून हवी तितकी सारखी चिन्हे उमटत.

१९३० साली या मंडळींनी शंभर तक्त्यांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील एक तक्ता इंग्लंडच्या विणकरांचा आहे. घरी माग चालविणारे काळ्या रंगात आणि गिरणीतले तांबड्या रंगात. प्रत्येक मनुष्याकृती म्हणजे दहा हजार माणसे. वर्षे पुढे सरकतात तशा काळ्या आकृती विरळ होत नाहीशा होतात, तांबड्या वाढतात आणि कापडाचे उत्पादन तर त्यांहूनही वेगाने वाढते. कितीतरी घरांतला माग कसा थांबला, ते वाचावे लागत नाही, दिसते.

१९३४ साली ऑस्ट्रियातील राज्यव्यवस्था पालटली व या मंडळींना हॉलंडमधील हेग शहरी जावे लागले. तेथे १९३५ साली मारीने या पद्धतीला ‘आयसोटाइप’ हे नाव दिले. पुढे मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले. ऑटो व मारी माणसांनी खच्चून भरलेल्या एका होडीतून समुद्रात निसटले व ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना वाचविले. आर्न्ट्स मात्र मागे राहिला. इंग्लंडमध्येही प्रथम नशिबी आली ती नजरकैद! १९४१ साली सुटका झाल्यावर दोघांनी विवाह केला आणि पुढील वर्षी ऑक्सफर्ड येथे संस्था पुन्हा उभारली.

डिसेंबर १९४५ मध्ये ऑटो निवर्तले. मारीबाईंनी काम थांबविले नाही. सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी विज्ञानाची व इतिहासाची कित्येक सचित्र पुस्तके तयार केली. १९५० नंतरच्या दशकात पश्चिम नायजेरियासाठी शिक्षण, शेती व आरोग्य यांवर पुस्तिका करण्याचे काम त्यांच्याकडे आले. व्हिएन्नात घडलेली चिन्हे तेथे जशीच्या तशी चालणार नव्हती. म्हणून त्या स्वतः तेथे गेल्या, माणसांचा पोशाख व घरांची ठेवण न्याहाळली आणि चिन्हे बदलून घेतली.

१९७१ साली निवृत्त होताना त्यांनी आपला संग्रह इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाला दिला. छापील पुस्तकांबरोबर त्यात कच्चे आराखडेही जपून ठेवलेले आहेत.