मालमोटार चालविण्याची शाळा कशी निवडावी?

वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांतून माल घेऊन निघणाऱ्या मालमोटारी पाहून आपल्या कांहीं विद्यार्थ्यांस तो व्यवसाय पत्करावासा वाटतो. व्यवसाय सन्मानाचा आहे. परंतु तो कोठें शिकावा, याचा विचार पालकांनीं आधीं केला पाहिजे.

यांत घाई उपयोगाची नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें वयाचीं २० वर्षें पुरीं झाल्यावांचून, व हलक्या मोटारीचा परवाना एक वर्ष जवळ असल्यावांचून, मालमोटारीचा शिकाऊ परवानाहि मिळत नाहीं.

शाळेंत गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तिला प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा परवाना आहे काय? दुसरी, शिक्षकाच्या पायापाशींहि ब्रेक आहे काय? तिसरी व मुख्य, विद्यार्थ्याच्या हातीं स्टिअरिंग किती तास देतात? २०२१ च्या नियमांनीं मान्यताप्राप्त केंद्रांस जड वाहनांकरितां, वर्गांतील व प्रत्यक्ष मिळून, ६ आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम घालून दिला आहे. त्याच मापानें इतर शाळा मोजाव्या.

आठ दिवसांत दाखला देणारी शाळा स्वस्त नव्हे. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर थांबावयास सुमारें चौपट अंतर लागतें. भरलेली गाडी घाट उतरतांना सारखा ब्रेक दाबल्यास तो तापून निकामी होतो; म्हणून उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा लागतो. हें दाखल्यानें येत नाहीं, सरावानें येतें. आणि ज्या रस्त्यानें ती गाडी जाते, त्याच रस्त्यानें कोणाचीं तरी धाकटीं भावंडें पायीं शाळेस जात असतात.